आतून न उघडणारं दार

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती दोन्ही माणसं आजही जिवंत आहेत, आणि आमच्याच गावात राहतात.

म्हणूनच सांगायला जड जातंय.

९ ऑगस्ट २०१४. शनिवार. दुपारचे दीड वाजले होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, हेज शहरापासून पाऊण तासावर, वासिंगरांचं शेत. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. भुताखेतांची वेळ मुळीच नव्हती ती.

लेलंड ड्रायलिंग तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. जुने पिकअप ट्रक ओळखण्यात त्याचा हात धरणारा आमच्या चार जिल्ह्यांत कोणी नव्हता. विशेषतः गिऱ्हाइकाने कारखान्याकडून खास मागवून घेतलेल्या गोष्टी. कुणी जास्तीची टाकी मागवलेली, कुणी वेगळा रंग, कुणी रेडिओच नको म्हणून कळवलेलं. वस्तू खरंच कारखान्यातून आली, की मागाहून कुणी गॅरेजात ठोकली, हे लेलंड पत्र्यावर बोट फिरवून सांगायचा. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून लग्नाची अंगठीसुद्धा त्याने कधी बोटात ठेवली नाही. इतका नादिष्ट.

पण डोळे अधू झाले होते. म्हणून बायको सोबत असायची. मार्लिस. ती उजव्या सीटवर, म्हणजे आमच्याकडे ड्रायव्हरच्या शेजारी, बसणार, समोरचा कप्पा उघडून आत चिकटवलेला कारखान्याचा कागद मोठ्याने वाचणार, आणि हा बाहेरून पत्रा तपासणार. तीस वर्षं हीच पद्धत.

ट्रक शेडमध्ये उभा होता. १९७१ सालचा, हिरवा. शेताचा मालक ड्वेन वासिंगर, आणि ट्रक त्याच्या मेलेल्या चुलत्याचा.

"अलॉइसकाकाने कुणाला हात लावू दिला नाही याला," ड्वेन म्हणाला. "काकूला घेऊन दर रविवारी चर्चला जायचा. बाकी कुठे नाही."

"आणि काकू?" मार्लिसने विचारलं.

"ती गेली निघून. ओरेगनला, बहिणीकडे." ड्वेनने डोक्यावरची टोपी सारखी केली. "म्हणजे काका तसं सांगायचा. आम्हाला ख्रिसमसचं कार्डसुद्धा कधी आलं नाही. थांबा, बर्फ घातलेला चहा आणतो तुमच्यासाठी."

तो घराकडे गेला. किल्ल्या त्याच्याच खिशात राहिल्या.

लेलंडने उजवं दार उघडलं.

आणि जागीच थांबला...

"मार्लिस. इकडे ये. हे बघ."

दाराला आतून हँडल नव्हतं.

काच खाली करायचं हँडलही नव्हतं.

तुटलेलं नव्हतं, काढून घेतलेलंही नव्हतं. ते बसवायला पत्र्यात भोकच नव्हतं. सगळा सपाट हिरवा पत्रा.

"कैद्यांची गाडी असेल," मार्लिस म्हणाली.

"कैद्यांच्या गाडीला जाळी असते. हा एका शेतकऱ्याचा ट्रक आहे." लेलंडचा आवाज कापत होता, पण आनंदाने. "असं दार कुठल्याच पुस्तकात नाही, मार्लिस. कुणी पाहिलेलंच नाही!"

"भोकं बुजवून, लांबी भरून रंग मारला असेल कुणी."

"तेच तर बघायचंय. बस आत. दार लावून बघू, चौकटीत नीट बसतं का."

"आणि मी आत कोंडलेली?"

"एक मिनिट फक्त."

"तुझं एक मिनिट मला माहीत आहे. लग्नाच्या दिवशी पाद्रीसुद्धा ताटकळत उभा होता, आणि तू बाहेर कुणाच्या तरी ट्रकखाली."

"त्याला कारखान्याची जास्तीची टाकी होती!"

ती हसली. आत बसली.

लेलंडने दार लावलं.

काच बंद, म्हणून तिचा आवाज दबका येत होता. तिने कप्पा उघडला.

"खाली एक ओळ वेगळी टाइप केलीय. 'उजवं दार. आतली हँडलं नकोत. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून.'"

लेलंडला नाचावंसं वाटलं.

"आता तुझ्याजवळचं चुंबक दारावर फिरव. सगळीकडे चिकटतंय?"

"चिकटतंय."

लांबीवर चुंबक चिकटत नाही, म्हणजे लांबी नाही. सगळा अस्सल पत्रा.

"लेलंड... इथे ओरखडे आहेत. खिडकीच्या खाली. बोटांचे असावेत असे..."

"रंग निघालाय?"

तिने बोटाने चाचपून पाहिलं. मग...

"रंगाच्या वर नाहीत ते. रंगाच्या खाली आहेत."

लेलंडचा चेहराच पडला. ओरखडे खाली आणि रंग वर, म्हणजे कुणीतरी मागाहून रंग मारला. म्हणजे सगळं खोटं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"दार उघड. मला इथे बरं वाटत नाहीये."

"आधी नखाने खरवड. खाली जुना रंग लागतो का बघ."

"माझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेतंय, लेलंड."

"उकाड्याने धाप लागलीय तुला. खरवड."

तिने खरवडलं.

"खाली नुसता पत्रा आहे. रंग एकच थर. आता उघड!"

एकच थर. म्हणजे रंग कारखान्यातलाच. मग ओरखडे त्याच्याही आधीचे? ट्रक रस्त्यावर यायच्या आधीच, त्या दाराच्या आतून, कुणी ओरबाडलं होतं?

लेलंड वाकून दाराच्या फटीत बघत राहिला.

"उघड ना रे!"

तो बघतच राहिला...

मग आवाज आला. कणकेचा गोळा पाटावर आपटावा, तसा.

त्याने मान वर केली. मार्लिसचं तोंड काचेवर दाबलं गेलं होतं. तिचं नाक एका बाजूला वळलं होतं.

तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

तिचं डोकं मागे ओढलं गेलं आणि पुन्हा काचेवर आदळलं. काच लाल झाली. मग पुन्हा. मग पुन्हा. कुणीतरी तिचे केस मुठीत धरले होते, केस वर उभे ताणलेले लेलंडला स्पष्ट दिसत होते.

मूठ मात्र दिसत नव्हती.

त्याने दाराचं बाहेरचं हँडल ओढलं. मघाशी अलगद उघडलेलं दार जागचं हललं नाही. तो धावत डाव्या बाजूला गेला. हात लावणार, तोच आतली कुलपाची कळ आपोआप खाली बसली.

"ड्वेन! किल्ल्या! ड्वेन!"

मार्लिसची बोटं दारावर फिरत होती. नसलेलं हँडल शोधत होती. नखं मुळापासून उलटली तरी शोधत होती.

लेलंडने ट्रकच्या मागच्या हौद्यातून जॅकचा लोखंडी रॉड उचलला आणि डाव्या काचेवर घातला. तिसऱ्या फटक्याला काच फुटली. त्याने आत हात घातला.

त्याचं मनगट कुणीतरी धरलं. उन्हात तापलेल्या त्या ट्रकात तो पंजा मात्र गार होता. सावकाश, लाकूड मोडावं तसं, त्याची दोन बोटं मागे वाकवून मोडली.

मग पकड सुटली. उजवं दार आपोआप उघडलं आणि मार्लिस शेडच्या मातीत कोसळली.

चहाचे पेले घेऊन आलेल्या ड्वेनला दिसलं ते एवढंच... रक्तात पडलेली बाई, आणि हातात लोखंडी रॉड घेतलेला तिचा नवरा.

पुढे काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

शेरिफच्या माणसाने इस्पितळातच लेलंडला खुर्चीवर बसवून ठेवलं. मार्लिसचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, एक डोळा कायमचा गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गालावरचे वळ मुठीचे आहेत. मारणारा तिच्या डावीकडे, ड्रायव्हरच्या जागी, बसलेला होता. आणि त्याच्या बोटात जाड अंगठी होती.

लेलंडच्या बोटात अंगठी नव्हतीच. पण अंगठी काढून कुठेही टाकता येते, असं तो शेरिफचा माणूस म्हणाला.

चौथ्या दिवशी शेरिफच्या माणसाने मार्लिसलाच विचारलं, हे कुणी केलं. तिचं तोंड तारांनी बांधलेलं. तिने वही मागितली. लेलंड काचेपलीकडे उभा होता. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग लिहिलं,

"हात त्याचे नव्हते. दार मात्र त्याने लावलं."

तेवढ्यावर लेलंड सुटला.

ड्वेनने त्या ट्रकचं पुढे काय केलं, ते तो सांगत नाही. लेलंडने हा नाद सोडला. घरातली सगळी दारं त्याने बिजागऱ्यांवरून काढली, न्हाणीघराचंसुद्धा. मार्लिसला बंद दार सहन होत नाही.

गेल्या हिवाळ्यात तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मोडकी बोटं दुसऱ्या हाताने चोळत होता.

"तिला वाटतं काच बंद होती, म्हणून तिचं 'उघड' मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मीच तिला तसं सांगितलंय."

"मग?"

"मला सगळं ऐकू आलं होतं. पहिलं 'उघड'ही आणि शेवटचंही. मी फक्त त्या रंगाचा विचार करत होतो."

मी त्याला कॉफी दिली.

ते हात कुणाचे होते, हे मला आजही माहीत नाही. रविवारी चर्चमध्ये ती दोघं माझ्या पुढच्या बाकावर शेजारी शेजारी बसतात. प्रार्थनेच्या वेळी ती त्याच्या मोडक्या बोटांवर आपला हात ठेवते. तेव्हा मला तिकडे बघवत नाही.