प्रफुल्लरावांचं दुसरं जेवण

अमरावतीच्या भांडी-गल्लीतल्या त्या दुकानात प्रफुल्लराव गावंड्यांनी वाटी चिमटीत धरली, उजेडाकडे नेली आणि विचारलं, "हे काय देवापुढं निवद ठेवायले हाय का?"

"तुमचं जेवण हाय जी ते," दुकानदार म्हणाला.

प्रफुल्लरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक असलेला हा माणूस पंगतीत बसला की वाढपी आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग दुसरी बादली आणायला पळायचा. शेवटी गुडघ्यांनी आणि साखरेने एकदमच संप पुकारला, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून त्यांचं जठर कापलं, शिवलं आणि वेलची केळ्याएवढं करून ठेवलं. महिनाभर ते गाळलेल्या डाळीच्या पाण्यावर होते. आता खिमटाची परवानगी मिळाली होती, म्हणून ही भांडीखरेदी.

खरेदी अर्थात त्यांच्या बायकोची, मोनालीताईंची. दुकानदाराने त्यांच्यापुढे यंत्रांची पंगतच मांडली. एक आपोआप सूप ढवळायचं, एक अंड्याच्या पारदर्शक चकत्या करायचं, एक दुधीच्या शेवया पाडायचं.

"दुधीच्या शेवया खाणारा माणूस पाह्यला का तुमी कधी?" मोनालीताईंनी विचारलं. दुकानदाराने मुकाट्याने ते यंत्र मागे घेतलं.

त्यांनी निवडलं ते सगळं कामाचं. मिक्सरचं लहान चटणीचं भांडं, कारण मोठ्या भांड्यात दोन चमचे डाळ पात्यांना लागतच नाही. बारीक जाळीची गाळणी. मूठभर शिजवायचा छोटा कुकर. एकेका वेळचं अन्न गोठवून ठेवायला झाकणाच्या डब्या. आणि बाळाचा चमचा, ज्याच्या दांड्यावर ससा होता. प्रफुल्लरावांनी सशाला हरकत घेतली. ती फेटाळण्यात आली.

"अन् हे रुग्णालयाकडून," म्हणत दुकानदाराने शेवटी खोक्यातून एक ताट काढलं. दिसायला साधं, स्टीलचं. पण त्याच्या बुडाशी वजन जाणणारी पट्टी होती आणि काठात अन्नाचा प्रकार ओळखणारे बारीक डोळे. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रफुल्लरावांच्या जठराच्या कडेला तांदळाएवढी एक इलेक्ट्रॉनिक खूण बसवली होती. ती घरात आहे, एवढं कळलं की ताट जागं व्हायचं, घास मोजायचं आणि हिशेब थेट आहारतज्ज्ञांकडे पाठवायचं. लोक त्याला 'जाणतं ताट' म्हणत.

"मोठी भांडी नजरेआड करा, ताई," दुकानदाराने जाता जाता सांगितलं. "मोठं भांडं दिसलं की भूकही मोठी होते."

मोनालीताईंनी घरी येताच कढई, पितळी पातेलं, मोठा कुकर सगळं माळ्यावर चढवलं. नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता. टाके भरून यायच्या आत पोट ताणलं तर दुसऱ्यांदा शिवायला तिथे कापडच शिल्लक नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ताट मोठं गोड बोलायचं. "सावकाश, प्रफुल्लराव. हा घास अजून चावायचा आहे." आणि वाटी अर्धी झाली की विचारायचं, "पोट भरलं का?" प्रफुल्लरावांना या प्रश्नाचा मनस्वी संताप यायचा. पोट भरायचंच, हाच तर अपमान होता. मग ते हात धुऊन पुढच्या खोलीत आडवे व्हायचे आणि पंगतींची स्वप्नं पाहायचे.

आठवडाभराने आहारतज्ज्ञ धर्माळे मॅडमचा फोन आला. आवाज थंड होता.

"गावंडे, तुम्ही भाकरी खाताय?"

"मी? नाही जी!"

"ठेचा?"

"मॅडम, ठेच्याचं नाव काढू नका, डोळ्यात पाणी येते."

"ताट तसं सांगतंय. रोज दुपारी तुमचं खिमट होतं आणि थोड्या वेळाने दुसरं जेवण सुरू होतं. भाकरी, ठेचा, कधी कच्चं तेल. शिवलेल्या जठरात ठेचा! तुम्हाला काही कल्पना आहे का?"

"तेव्हा मी झोपेल असतो!"

"झोपेत खाणारेही असतात," मॅडम म्हणाल्या. "असंच चाललं तर तुमचं खिमट बंद करावं लागेल. आठवडाभर बघते. सुधारलं नाही तर पुन्हा डाळीचं पाणी."

प्रफुल्लरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खिमट म्हणजे काही बासुंदी नव्हे, पण महिनाभराच्या पाण्यानंतर त्यांनी ते जिंकून घेतलं होतं. शिवाय आयुष्यभर चोरून खाल्लं तेव्हा त्यांच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि आता पहिल्यांदा खरं बोलत होते तर कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

"मोनाली, तू तरी सांग वं. मी भाकरी खाल्ली का?"

मोनालीताई गॅसचा ओटा पुसत होत्या. "मले काय माहीत," एवढंच म्हणाल्या आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागल्या.

बायकोही विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर प्रफुल्लरावांचा स्वतःवरचाही विश्वास उडाला. झोपेत एसटीचं वेळापत्रक पुकारायची सवय त्यांना होतीच. झोपेत उठून ठेचा खाण्याइतकं आपलं मन खालच्या थराला गेलं असेल का? त्यांनी मिशी हुंगून पाहिली. लसणाचा वास आला नाही, पण आपण झोपेत तोंडही धूत असू, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मनगट पुढे केलं. "मले खाटेले बांध."

"अहो, काहीतरीच काय!"

"बांध म्हणतो ना. ओढणी घे अन् चांगली गाठ मार."

मोनालीताईंनी बांधलं. बांधताना त्यांनी एकदाही नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. प्रफुल्लराव बांधलेल्या अवस्थेत समाधानाने घोरले आणि जागे झाले तेव्हा गाठ जशीच्या तशी होती. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला: आज पुन्हा भाकरी, दीड.

आता मात्र प्रश्न इज्जतीचा झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाठ सैल मारून घेतली, डोळे मिटले आणि खोटंखोटं घोरू लागले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला.

"सावकाश, प्रफुल्लराव."

प्रफुल्लराव ताडकन उठून बसले. प्रफुल्लराव तर इथे खाटेवर होते! मग तिथे कोण जेवत होतं?

ते चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले. स्वयंपाकघरात जमिनीवर, दाराकडे पाठ करून मोनालीताई बसल्या होत्या. पुढ्यात प्रफुल्लरावांचंच ताट होतं, न धुतलेलं, काठाला खिमटाचा ओघळ तसाच. त्यात भाकरी होती, ठेच्यावर तेलाची धार.

"आज पण भाजी घेतली नाही, प्रफुल्लराव," ताट म्हणालं. "डाळ नाही, दही नाही. असं कसं चालेल?"

"राह्यली नाही रे बाप्पा," मोनालीताई हळूच म्हणाल्या. "कुकरच येवढासा हाय."

"मग उद्या नक्की घ्या. पोट भरलं का?"

मोनालीताईंनी हातातला घास खाली ठेवला. "हो," त्या म्हणाल्या. "भरलं."

प्रफुल्लरावांना आधी हसू फुटलं. सापडला, चोर सापडला! मग त्या ताटातल्या सुक्या भाकरीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते हसू विरलं. लग्न झाल्यापासून बायको आपल्याच ताटात जेवते, हे त्यांना माहीत होतं. दुसरं ताट कशाला खराब करायचं, असं ती म्हणायची. त्यांच्या आईचीही तीच रीत होती. तिच्या वाट्याला त्या ताटात काय येतं, हे मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. ते उठत तेव्हा ताट रिकामं असे, आणि तोवर बहुधा पातेलंही.

"मोनाली."

त्या दचकल्या. ताट मागे सरकवायला गेल्या, पण लपवणार कुठे?

"तुले माहीत होतं?"

"पह्यल्याच दिवशी समजलं," त्या म्हणाल्या. "मले प्रफुल्लराव म्हणालं ना ते."

"अन् मले बांधलं तरी बोलली नाही?"

"आज सांगणारच होती. तुमचं खिमट बंद होऊ दिलं नसतं मी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमी दोन चमचे खाऊन उठता. तुमच्यासमोर भाकर कुस्करून खायले मले घास उतरत नाही. म्हून इथी बसते. अन् सांगितलं असतं तर तुमी हे ताट बंद केलं असतं."

"मग करायलेच पाह्यजे ना!"

"इतकी वर्षं झाली लग्नाले," मोनालीताई ताटाकडे बघत म्हणाल्या, "पोट भरलं का म्हून मले कोणी इचारलं नाही. येडं मशीन हाय, त्याले वाटते मी तुमी हाओ. पण इचारते तर."

प्रफुल्लरावांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत. मग ते स्टूल घेऊन आले आणि टाक्यांची पर्वा न करता त्यावर चढून माळ्यावरची कढई ओढू लागले.

"उतरा! टाके तुटतील!" मोनालीताई ओरडल्या. शेवटी कढई त्यांनीच उतरवली, कारण प्रफुल्लरावांना अजून वजन उचलायची बंदी होती. त्यांच्या वाट्याला नुसता हुरूप आला.

मग त्यांनी धर्माळे मॅडमना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून मॅडम मनमोकळं हसल्या.

"बरं झालं बाई! मी तर तुम्हाला दाखल करून घेणार होते. खिमट चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात मऊ भात सुरू करू. ताट पाठवून द्या, दुरुस्त होतं ते."

"दुरुस्त?"

"हो. ही तक्रार नवी नाही. आपल्या भागातून अशी बरीच ताटं बिघडली म्हणून परत आली. बनवणाऱ्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं, की उष्ट्या ताटात पुन्हा कुणी जेवायला बसतं. आता त्यांनी सोपा उपाय काढलाय. रुग्णाचं जेवण झालं की त्या ताटातलं पुढचं जेवण ते मोजतच नाही. बोलतही नाही. एकदम गप्प बसतं."

फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. मोनालीताईंनी हातातली कढई ओट्यावर ठेवली.

"सगळी ताटं अशी दुरुस्त केली?" प्रफुल्लरावांनी विचारलं.

"सगळी. आता एकही तक्रार नाही."

"मॅडम," प्रफुल्लराव म्हणाले, "मग त्या घरांत मागून जेवायले जे बसत होते, त्यायच्या ताटात काय असते, हे आता कोण पाह्यते?"