तिसरं पान

बाळंतपणं किती, हे विचारून विचारून वासितीची जीभ झिजली होती. कादाव बेटाच्या या बाजूला ती एकटीच नर्स. ज्या बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊन गेला, त्यांच्याकडे दर तीन महिन्यांनी होडीनं जायचं, रक्त काढायचं, कागद भरायचा. रक्तातला आकडा खाली असला की ठीक. चढला की दुखणं उलटलं. आकड्याशेजारी सुवा शहरातल्या डॉक्टरांना बाळंतपणंही लागत. वासितीचे स्वतःचे पाय सुजत, कंबर धरे, पण सांगणार कुणाला?

"पाच," रुसिला म्हणाली. "दर खेपेला तेच काय विचारता हो सिस्टर? या वयात आणखी एक काढू की काय?"

किरणांचा शेक घेऊन आल्यापासून रुसिला बरी होती. आकडा खाली होता. तिची सहा वर्षांची धाकटी, तितिलिया, कान तुटलेल्या छोट्या कपातून लिंबाच्या पानांचा चहा पीत चटईवर बसली होती.

वासितीनं सवयीनं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. इथे मूल झालं की त्याची नाळ पुरतात आणि वर नारळ लावतात. चार उंच माड होते, आणि रांगेच्या शेवटी दोन कोंब.

दोन? पाच मुलं, सहा झाडं.

गेल्या वर्षी आकेनेता या तिच्या दुसऱ्या पेशंटच्या अंगणात असाच एक नारळ जास्तीचा उगवला होता. मग सुलुएतीच्या. कुणी लावला, कुणालाच ठाऊक नाही. दोघींचे आकडे खाली होते, आणि आपापल्या अंगणातल्या त्या कोंबाला तिसरं पान फुटलं त्याच आठवड्यात दोघी गेल्या. योगायोग, असं म्हणून शिकलेल्या वासितीनं तो विषय मिटवला होता. आज तो मिटेना.

"तितिलिया, तुझा नारळ कुठला गं?"

"माझा वादळात मोडला ना! आईनं नवा लावलाय. तो बघ, समुद्राकडचा." पोरीनं हनुवटी उडवली. "डोंगराकडचा आगाऊ आहे. आपला आपण आला."

दोन्ही गुडघ्याएवढे. दोघांनाही दोन-दोन पानं.

"रुसिला, तो जास्तीचा काढून टाक."

"राहू दे हो. आपणहून आलेला नारळ कुणी उपटतं का?"

मग वासितीनंच उपटायचं ठरवलं. ही बाई तिला आवडायची. तिसरी नको, देवा.

निघताना ती घराला वळसा घालून मागे गेली. सर आली होती, डोंगर दिसत नव्हता. "ओहोटी लागली सिस्टर, चला!" होडीवाला ओरडत होता. तिनं दोन्ही हातांनी कोंब धरला, डोळे मिटले आणि ओढला. मुळं कडकड तुटली.

होडी दूर गेल्यावर तिनं मागे पाहिलं. उरलेला कोंब समुद्राकडचा की डोंगराकडचा, इथून काही कळेना. हाताला मातीचा वास येत होता. बरोबरच उपटला असणार, तिनं स्वतःला बजावलं.

त्या दिवसाच्या रक्तातला आकडा खालीच आला. कितीतरी दिवसांनी वासिती शांत झोपली.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच चटई, तोच कागद. रुसिला जरा वाळली होती.

"बाळंतपणं किती?"

"चार."

"पाच गं. थट्टा पुरे."

"घ्या! बाळंत मी झाले की तुम्ही?" रुसिला हसली.

"आणि तितिलिया?"

"कोण तितिलिया?"

वासितीनं मागचा कागद काढला. तिचंच अक्षर होतं. पाच.

कुणाला सांगायचं? काय सांगायचं?

रुसिलानं कप मांडले. शेवटी तिच्या हातात कान तुटलेला छोटा कप आला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"हा कुणाचा बाई?" म्हणाली, आणि फळीवर पालथा घातला.

मग तिनं बाही वर केली.

सुई टोचताना वासितीची नजर मागच्या दाराकडे गेली. चार माड आणि एकच कोंब.

त्याचं तिसरं पान उलगडत होतं.