खिडकीतून केलेला निवाडा

कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकाचा एक पाय आखूड होता. मी टेकले की ते डावीकडे कलायचं आणि मांडीवरची फाइल घसरायची. तिसऱ्यांदा कागद पसरले तेव्हा शेजारी उभा असलेला माणूस खाली वाकला. कागद गोळा करून दिले, खिशातून लाकडाची एक चपटी ढलपी काढली आणि पायाखाली सरकवली.

"आता बसून बघा."

बसले. बाक हललं नाही.

"खिशात ढलप्या घेऊन हिंडता?"

"धंदाच तो. लाकडी सामान दुरुस्त करतो." तो बसला, मध्ये हातभर अंतर ठेवून. नखांच्या कडेला पॉलिशचा रंग मुरलेला. हसताना आधी डोळे हसायचे, ओठ मागाहून. "तुम्ही?"

"कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये."

"म्हणजे लोक तुमच्याच दातांनी हसतात."

"आणि जरा टोचली की माझ्यावरच दात खातात."

तो मोकळेपणी हसला. कोर्टात येऊन इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

"कसली केस तुमची?" मी विचारलं.

"एका बाईने माझा आणि वडिलांचा व्हिडिओ टाकला होता… जाऊ दे. तुमची?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती बाई मी होते.

तीन महिन्यांपूर्वी लॅबच्या खिडकीतून मी पाहिलं – एक तरुण एका म्हाताऱ्याला दंडाला धरून गाडीत कोंबत होता. म्हातारा रडत होता, "सोड, मला घरी जायचंय." तरुणाची फक्त पाठ दिसत होती आणि गाडीवरचं दुकानाचं नाव. मी मोबाइलवर टिपलं, 'जन्मदात्याला असं वागवणारी औलाद' असं वर लिहिलं आणि टाकून मोकळी झाले. संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला छान वाटलं.

आठवड्याने वकिलाची नोटीस आली. त्या तरुणाच्या वडिलांना विस्मरणाचा आजार होता. त्या दिवशी ते सकाळीच घरातून निघून गेले होते, आणि मुलाने सहा तास शोधून त्यांना भर रहदारीतून बाहेर काढलं होतं. आता त्याच्या दुकानाच्या दाराला कुणी काळं फासलं होतं, एका शाळेने बाकांचं काम काढून घेतलं होतं. मी व्हिडिओ पुसला, पण लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरतच राहिल्या.

त्याच दिवशी जाऊन माफी मागावी असं वाटत होतं. पण माझा वकील म्हणजे माझा सख्खा मामा. तो म्हणाला, "ठमे, माफी म्हणजे कबुली. तोंडाला कुलूप."

मी काही उत्तर देण्याआधीच शिपायाने दोघांचीही नावं एकदमच पुकारली.

आत टेबलाच्या या बाजूला मी आणि मामा, पलीकडे तो आणि त्याची वकील – त्याचीच थोरली बहीण. मधे तडजोड घडवायला बसलेल्या मध्यस्थ बाई. मला समोर पाहून त्याचं हसू विरलं. तो चिडला असता तर परवडलं असतं… तो नुसता टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

मामाने घसा खाकरला. "माझ्या अशिलाचा हेतू शुद्ध होता. मजकूर सार्वजनिक हिताचा –"

"मामा, थांब," मी म्हणाले. "चूक माझी आहे. एक जिना उतरून विचारायला हवं होतं. मी खिडकीतूनच निवाडा केला."

मामाने कपाळाला हात लावला.

"नुकसानभरपाईबद्दल –" त्याच्या बहिणीने सुरुवात केली.

"नको, ताई." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाबा अनोळखी माणसासमोर डोळे पुसायचेही नाहीत. त्यांना रडताना सगळ्या जगाने पाहिलं. तेवढं… तेवढं मागे घेता येतं का बघा."

तडजोड झाली. मी स्वतःचा चेहरा दाखवून जाहीर माफी मागितली. चार दिवस लोकांनी मलाही सोलून काढलं. मग फिरणाऱ्या प्रती शोधायला बसले. एकशे अठरा सापडल्या. प्रत काढून टाकायच्या प्रत्येक तक्रारीवर त्याची सही लागायची, म्हणून दर शनिवारी मी यादी घेऊन त्याच्या दुकानात जाऊ लागले.

पहिल्या शनिवारी त्याने उभ्याउभ्या सह्या केल्या. दुसऱ्या शनिवारी स्टूल पुढे केलं. पाचव्या शनिवारी स्टुलावर गादी होती.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकांसाठी."

"गिऱ्हाइकं तर उभी आहेत."

"त्यांना सवय आहे," तो म्हणाला आणि कान लाल होईपर्यंत रंधा मारत बसला.

बाबा कोपऱ्यात संत्री सोलत बसायचे. मी दर वेळी त्यांना नवीच असायचे. दर वेळी ते मला नव्याने फोड द्यायचे, आणि मी दर वेळी ती घ्यायचे.

एका मंगळवारी शेवटची प्रतही काढून टाकली गेली. शनिवारी मी तरीही गेले.

तो खुर्चीच्या सांध्यांना सरस लावत होता. "किती सह्या आज?"

"एकही नाही. काम संपलं."

त्याचा ब्रश थांबला. "मग…?"

"मग अशीच आले." मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. "तुला अजून माझा राग येतो?"

"येतो," तो सावकाश म्हणाला. "बाबा माणसं पाहून दचकले की येतो. मग शनिवार येतो… आणि मी सकाळपासून दाराकडे बघत बसतो."

"मीसुद्धा शुक्रवारपासून काही कामाची उरत नाही," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. यादीशिवाय, सहीशिवाय."

त्याने बाबांकडे पाहिलं. "ते बरे होणार नाहीत. उद्या मलाही ओळखणार नाहीत. माझ्याबरोबर हे सगळं येतं."

"ठाऊक आहे."

"पुन्हा विचार कर."

"एकदा विचार न करता वागले होते. या वेळी बारा शनिवार विचार केलाय."

तो पुन्हा खुर्चीकडे वळला. खुर्चीची पाठ बैठकीत बसवली आणि म्हणाला, "हे जरा धर. दोन्ही बाजूंनी, घट्ट."

मी धरलं. त्याने माझ्या हातांवर हात ठेवून दाब दिला. तळवे खरखरीत होते.

"सरस धरेपर्यंत सोडायचं नाही," तो म्हणाला.

"किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं." मग डोळे हसले. "पण आपण तासभर धरू."