बारा दहाची नोंद

आग विझवायच्या नळकांड्यानं कवटी फोडली होती. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. कीबोर्डच्या कळांमधलं रक्त थिजून काळं पडलं होतं.

दुपारी साडेबाराला सायबर शाखेच्या फौजदारबाई पोचल्या. मेलेला माणूस या ऑफिसात वेबसाइटचा सर्व्हर सांभाळायचा. त्याचं डोकं मांडीवर घेतलेला त्याचा मेहुणा रखवालदाराला सापडला होता, कोपरापर्यंत लाल. हवालदारानं बेड्या घालून त्याचा ओठही फाडला होता.

"सव्वाबाराला आलो, तर भावोजी गार पडलेले!"

"गेल्या आठवड्यात त्यांचा गळा कुणी धरला होता?" मेलेल्याची बायको भावावर किंचाळली. "लटकवा याला!"

मेलेल्याच्या धंद्यातल्या भागीदारानं नोंदींचा स्क्रीन पुढं सरकवला. "मॅडम, मी अकराला घरी गेलो. बारा दहाला त्यानं स्वतःच्या नावानं सर्व्हरवर काम साठवलंय. म्हणजे तोवर जिवंत होता. नंतर आत आला तो हा मेहुणा एकटाच."

"नोंद घरून झाली असेल तर?"

"कळणार नाही. घरून येणाराही ऑफिसच्याच वाटेनं आत शिरतो. पत्ता एकच दिसतो."

"तुमच्या घरचा लॅपटॉप कोण वापरतं?"

"मीच. बायकोलाही हात लावू देत नाही."

"आणि लॉगआउटचा कोड?"

"मीच लिहिलाय." त्याची छाती फुगली. "बाहेर पडलात की मागमूस उरत नाही."

नोंदीच्या शेपटाला एक लांबलचक आकडा होता. बाईंनी तोच आकडा मागच्या चार दिवसांच्या नोंदींत शोधला. सतरा वेळा सापडला. मग त्या सावकाश उठल्या.

"हवालदार, बेड्या काढा त्याच्या. या साहेबांना लागतील."

"काय थट्टा लावलीय?"

"सर्व्हर ब्राउझरच्या हाती चिठ्ठी देतो, तिला कुकी म्हणतात. ब्राउझर दर खेपेला ती दाखवतो. तुमच्या लॉगआउटनं नावाची चिठ्ठी फाडली. पण चार दिवसांपूर्वी या मेलेल्यानं दुसरी सुरू केली होती, ब्राउझर ओळखण्यापुरती, वर्षभर टिकणारी. नोंदीच्या शेपटाचा आकडा तिचाच. लॉगआउटला तिचा पत्ताच नाही. बारा दहाला आत आलं मेलेल्याचं नाव, पण चिठ्ठी तुमच्या घरच्या लॅपटॉपची. त्याआधी सतराही वेळा तिच्यासोबत तुमचंच नाव आहे. वीस मिनिटांत रक्त इतकं काळं पडत नाही, साहेब. अकराच्या आत मारलंत, घरी गेलात आणि त्याच्या पासवर्डनं त्याला तासभर जास्त जगवलंत."

भागीदारानं खुर्ची उचलून भिरकावली. बाईंचं कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं तरी त्यांनी त्याचा हात धरून असा पिरगाळला की हाड कडाडलं.

"सोडा! सांगतो!" तो फरशीवर लोळला. "दवाखान्याची साइट आमच्याकडे आहे. रोग्यांचे अहवाल उघडून मी त्यांना धमकावत होतो. त्यानं मला पकडलं. आज दुपारी पोलिसांत जाणार होता. पाठमोरा बसला होता, म्हणून…"

पुढचं हुंदक्यात गेलं. त्याला फरफटत नेलं.

बहीण भिंतीशी थिजून उभी होती. भावाजवळ जायला पाय उचलेना. तोच मनगटं चोळत तिच्याकडे आला.

"गळा धरला होता, ताई. तुझ्यावर हात उचललेला मला सोसला नाही. पण…" त्यानं देहाकडे बोट केलं. "भावोजींचे डोळे उघडेच आहेत गं. ही माणसं मला मिटू देईनात."

तिनं त्याच्या ओठावरचं रक्त पदरानं टिपलं आणि त्याचा हात धरला.

फौजदारबाई देहाच्या वाटेतून बाजूला झाल्या.