सातवा ओरखडा

जुन्या गाड्यांच्या ट्रिमबद्दल, म्हणजे पट्ट्या-हँडलं-रबरांबद्दल, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ‘हा भाग बसतो’ असं म्हणणारा माणूस नेहमी विकणारा असतो. बसवणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. कंपनीच्या पुस्तकात तीन मॉडेलांना मिळून एकच हँडल लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात प्रत्येक गाडीची छिद्रं थोडी इकडेतिकडे असतात आणि कानस काढावी लागते. आमच्या मिस्त्रीला सगळे कानसमास्तर म्हणतात ते उगाच नाही. तो चष्म्याची काडीसुद्धा घासून मगच कानावर ठेवतो.

मी विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान लिहायचं आणि मालकाच्या रडण्यातलं निम्मं वजा करायचं, हे एकतीस वर्षं केलं. तेव्हा पुढे जे लिहितोय, त्यातलंही निम्मं मीच आधी वजा केलं आहे.

बायको गेल्यावर आठव्या दिवशी मी तिची गाडी भंगारात दिली. तिची म्हणजे, चालवायचो मी. तिनं ती निवडली होती आणि ती शेजारी बसून घाबरायची. लेकीला मी विचारलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त मला ‘तुम्ही’ म्हणायला लागली. ‘बाबा, जेवलास का?’चं ‘बाबा, जेवलात का?’ झालं आणि घरी येणं थांबलं. मला वाईट वाटलं असणार. नक्की सांगता येत नाही. अकरा वर्षांत मला विशेष काही वाटलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी मिळाली. सांगाडा ठणठणीत, पण अंगावर दागिना म्हणून नाही: क्रोमच्या पट्ट्या, बटणं, दारांची रबरं, सगळं गायब. लेकीला फोनवर सांगितलं.

“झाली की कळवा,” म्हणाली. “येईन.”

म्हणून मी कामाला लागलो. पट्ट्या तीन ठिकाणांहून आल्या, रबरं चौथ्या. प्रत्येक भागावर कानसमास्तरनं कानस चालवली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती छिद्रं मी पाडली होती. शेवटी राहिलं एक हँडल. डॅशबोर्डवरचं, शेजारच्या माणसानं धरायचं.

भंगारवाल्याकडे ते मिळालं. मालाच्या व्हॅनमधून काढलेलं, काळं. मी ते उजेडात धरलं. वरच्या अंगाला ओरखडे होते. प्रत्येक ओरखडा दुहेरी, रुळांसारखा.

बायकोच्या अंगठीत खडा धरणारे दोन आकडे वर आले होते. सोनाराकडे न्यायचं राहून गेलं. मी कुणाला ओव्हरटेक केलं की ती हँडल घट्ट आवळायची, “अहो, हळू!” म्हणायची आणि क्वचित त्यावर दोन समांतर रेघा उठायच्या.

“तुमच्याच गाडीचं असेल,” कानसमास्तर म्हणाला. “फिरत फिरत आलं.”

“आमचं पांढरं होतं.”

“रंग दिला असेल.”

“ओरखड्यांच्या आतही काळं आहे.”

त्यानं हँडल डॅशबोर्डला लावून पाहिलं. स्क्रू हातानंच आत गेले. तो कानस हातात धरून उभा राहिला, लग्नघरी चुकून आलेल्या माणसासारखा.

मी घरी जाऊन जुनी यादी काढली. स्वतःच्या गाडीचा दर वर्षी सर्व्हे करायची मला खोड होती. शेवटची यादी बायको जाण्याच्या तीन आठवडे आधीची. ‘शेजारच्या बाजूचं हँडल: सहा दुहेरी ओरखडे.’

व्हॅनच्या हँडलवर सात होते.

मी दुसरं हँडल मागवलं. ते पोस्टानं दूरच्या गावाहून आलं, एका बंद पडलेल्या रुग्णवाहिकेतलं. सात. त्याच जागी, तसेच तिरपे.

तिसरं एका दुकानदारानं गोदामाच्या तळातून शोधलं. कधीच न वापरलेलं, कंपनीच्या मेणकागदात, शिक्क्यासकट. ते मी कानसमास्तरच्या समोर फोडलं. त्यानं वाकून ओरखडे मोजले, सात. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

“साहेब, मी हात लावलेला नाही हं.”

तेही कानस न लावता बसलं. तेच गाडीत ठेवलं. उरलेली दोन घरच्या कपाटात.

सातवा ओरखडा इतरांपेक्षा लांब आणि खोल होता. तो कधीचा, ते मला ठाऊक होतं. माझ्या यादीनंतर आमची गाडी तिला घेऊन एकदाच बाहेर निघाली होती.

त्या दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. मी तिला गाडीत बसवलं. पहिल्याच वळणावर ती म्हणाली, “अहो, हळू.” आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचं ऐकलं. रस्ता मोकळा होता. सोळा मिनिटांच्या अंतराला सत्तावीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आला असतात तर. लेकीला मी सांगितलं की गर्दी होती.

पहिले सहा ओरखडे माझ्या वेगाचे. मग मी हळू चालवताना सातवा कशाला उठला, हे मी कानसमास्तरला विचारलं नाही. ते त्याच्या खात्यातलं नव्हतं.

रविवारी सकाळी लेक आली. गाडीभोवती एक फेरी मारली, क्रोमच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

“छान केलीत.”

“पुढे बस.”

“नको. आईची जागा आहे,” म्हणाली आणि मागे बसली.

शेजारचं दार मी स्वतः दोनदा आपटून लावलं. नवं रबर दाराला नीट मिटू देत नाही. निघालो. आभाळ भरलेलं होतं, रस्ता रिकामा. मी कुठे वळत होतो याकडे माझं लक्ष नव्हतं.

“बाबा, एवढं हळू?” थोड्या वेळानं ती म्हणाली.

“त्या दिवशीही एवढंच हळू होतो,” मी म्हणालो. “गर्दी नव्हती.”

आरशात ती खिडकीबाहेर बघत होती.

“का?”

“ती म्हणाली, हळू.”

“ती नेहमीच म्हणायची,” लेक म्हणाली. “तू कधी ऐकलंस?”

अकरा वर्षांनी ‘तू’. मी त्याची वाट पाहिली होती. काही वाटलं नाही.

मग करकर सुरू झाली. बारीक, कोरडी, धातूवर धातू घासल्यासारखी. डॅशबोर्डाकडून.

“बाबा, कसला आवाज?”

“ट्रिम. नवी आहे.”

मी ब्रेकवर पाय ठेवला. करकर वाढली.

मी पाय काढला. कमी झाली.

मी ॲक्सिलरेटर दाबला. पूर्ण दाबला. एक ट्रक मागे टाकला, मग एक बस.

आवाज थांबला.

कुणी हळू म्हटलं नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी उभी केली तेव्हा घड्याळ पाहिलं. घरून निघून सोळा मिनिटं झाली होती.

“आपण इथे का आलो?” लेकीनं विचारलं. मग म्हणाली, “दार कुणी उघडलं?”

शेजारचं दार उघडं होतं. फार नाही. एक माणूस उतरेल इतकं.

मग लेक उतरली, पुढे येऊन बसली आणि दार ओढून घेतलं. एकदाच. लागलं.

“सीट गरम आहे,” ती म्हणाली.

“ऊन लागतं,” मी म्हणालो.

सोमवारी कानसमास्तर आला, कारण हँडल खुळखुळत होतं. वरचं अंग आरशासारखं गुळगुळीत. मी कपाटातली दोन आणली. तीही तशीच. त्यानं तिन्ही पाळीपाळीनं लावून पाहिली, मग खाली ठेवली.

“ही या गाडीची नाहीतच, साहेब. छिद्रं बघा, बोटभर चुकतायत. तेव्हा बसलं होतं कसं?”

तो पिशवीत कानस शोधू लागला.