वगळलेली खाणावळ

"माझा भाऊच फितूर आहे," मालकीण म्हणाली. "तुम्ही फक्त पुरावा द्या. आज संध्याकाळी त्याला घालवते."

तपासासाठी बोलावलेल्या वहिनींनी वही उघडली. त्यांच्या शोधकामात सोबत करणाऱ्या दिराला, म्हणजे भाऊजींना, प्रकरण तिथेच मिटल्यासारखं वाटलं. चला, जेवायला वेळेवर घरी!

कारखाना छोटा. हॉटेलांचं तळून उरलेलं तेल गोळा करायचं, त्याचं गाड्यांसाठी इंधन बनवायचं. शेजारच्या बड्या कंपनीशी भावात टक्कर देणं अशक्य. म्हणून मालकिणीचा डाव एकच: नव्या भागात सर्वांआधी पोचायचं आणि वर्षाचा करार करून मोकळं व्हायचं. पण आता बडी कंपनीच तिथे आधी हजर असायची.

"कुठे जायचं, हे कोण ठरवतं?"

"हॉटेलांकडून आणलेले तेलाचे नमुने तपासून झाले की मी आणि धाकटा. तोंडी. तिसरं कुणी नसतं."

धाकटा आला तो तोंड फुगवूनच.

"ताईला विचारा. तिला सगळं आधीच कळलंय."

"कंपनीनं काय काय पटकावलं?" वहिनींनी शांतपणे विचारलं.

"सगळंच. कालव्याजवळची खाणावळसुद्धा, तीही दुप्पट भावानं! तिच्या तेलात निम्मं पाणी. आम्ही दोघांनी ती आधीच वगळली होती."

वरच्या मजल्यावर तपासनीस बाई काम करत होत्या. खिडकीत बाटल्यांची रांग उन्हात ठेवली होती.

"गारठ्यानं तेल गोठतं हो. वितळलं की तळाचं पाणी दिसतं."

"मग चिठ्ठ्या काचेकडे का?"

"माझ्याकडे केल्या तर तळ झाकला जातो."

"चिठ्ठीवर हॉटेलचं नाव? नुसता नंबर नाही?"

"एकदा नंबरांचा घोळ झाला, फार बोलणी खाल्ली. आता नाव आणि पत्ता, ठळक."

भाऊजींनी बाहेर डोकावलं. खाली वजनकाटा होता, तिथे सगळ्याच कंपन्यांचे टँकर वजनाला यायचे. बड्या कंपनीचा ड्रायव्हर टँकरच्या टपावर उभा राहून झाकण आवळत होता.

"वहिनी, हा माणूस तर अगदी आपल्यासमोर आलाय," भाऊजी म्हणाले आणि जांभई देत मागे सरले.

वहिनींनी बहीणभावाला वरच बोलावलं.

"कंपनीनं पाणचट तेलाला दुप्पट भाव दिला. तुमच्या भावानं बातमी विकली असती, तर वगळलेली खाणावळ त्यात आलीच नसती. तपासनीस बाईंनी तर ते पाणी स्वतः पाहिलं होतं. म्हणजे बातमी देणाऱ्याला नावं माहीत होती, तेल कसं आहे ते नाही. नुसती नावं कुठे दिसतात? भाऊजी, तो ड्रायव्हर कुणासमोर आला होता म्हणालात?"

"आपल्या... अरे देवा! या चिठ्ठ्यांसमोर!"

"फितूर कुणीच नाही. टपावर चढलेल्याला वाचता येतं, एवढंच."

तपासनीस बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकीण बाटल्या उचलायला धावली, तेवढ्यात धाकट्यानं तिला अडवलं.

"राहू दे, ताई. पुढच्या वेळी इथे फक्त घाणेरड्या तेलाच्या बाटल्या मांडू. घेऊ देत त्यांना दुप्पट भावानं."

मालकिणीला हसू फुटलं, पण ते लगेच ओसरलं.

"पुढच्या वेळी... असशील ना रे तू?"

"बघू," तो स्टूल ओढून बसत म्हणाला. "आधी माफी माग. या सगळ्यांसमोर."