परतीची नळी

अणदूरच्या पुढं, हायवेच्या कडेला, एका बाभळीखाली फिकट निळ्या रंगाची जुनी विलायती गाडी बॉनेट उघडून उभी होती. रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं चाललेल्या श्रीनाथनं मोटरसायकल हळू केली ती गाडी बघायला. थांबवली मात्र गाडीवर वाकलेल्या मुलीमुळं... ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावर घाम, दातांत स्क्रू ड्रायव्हर.

रस्ता ओलांडून तो जवळ आला, तसा तिनं स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढला.

"सिगरेट ओढत असाल तर तिकडंच थांबा. पेट्रोल सांडलंय."

"न्हाय ओढत."

"मग या."

ती हर्षाली. राहायची मुरूमला, नळदुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एप्रिलची सकाळची शाळा सुटून ती घरी निघाली होती. आणि श्रीनाथ तुळजापूरचा. तिथं त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं आणि शेतात नळ्या अंथरून द्यायलाही तो स्वतःच जायचा. गाडीच्या कार्बोरेटरवरची पेट्रोलची नळी निसटून लोंबत होती. त्यानं उत्साहानं पिशवीतून ठिबकची काळी नळी काढून पुढं केली. हर्षालीनं ती नळी बघितली, मग त्याच्याकडं बघितलं, आणि हसू दाबत सांगितलं की ही पेट्रोलनं फुगून दोन दिवसांत लोळागोळा होईल, नळी आवळायचा क्लॅम्प असेल तर तेवढा द्यावा.

क्लॅम्प बसला. गाडी सुरू झाली. पण श्रीनाथ अजून त्या नळीकडंच बघत होता. नळी उगाच निसटत नाही, तो म्हणाला, मागून दाब जास्त येत असणार. तेवढं मलाही कळतं, ती म्हणाली, दाब का येतो ते कळत नाही.

"वाटंत परत निसटली तर? मी येतो मागं मागं. मला मुरूमलाच जायचंय."

"तुमच्या गाडीचं तोंड तर तुळजापूरकडं आहे."

"वळतं की," श्रीनाथ म्हणाला.

तिनं बॉनेट लावून गाडी काढली. मुरूम येईपर्यंत तिची नजर पुनःपुन्हा आरशाकडं जात होती — आणि आरशात ती मोटरसायकल होतीच.

हर्षालीचे वडील, शरणप्पा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ही गाडी त्यांनी हैदराबादच्या एका जुन्या घराण्याकडून घेतली होती. मुळात तिला जोराच्या दाबानं पेट्रोल फवारणारं इंजेक्शनचं इंजिन. त्याचे सुटे भाग मिळेनात, म्हणून आधीच्या मालकानं त्या जागी कार्बोरेटर बसवून घेतले होते. शरणप्पांनी लेकीला पाना धरायला शिकवलं ते याच गाडीवर. आता त्यांचे हात थरथरायचे. आणि गेल्या महिन्यात इंजिनवर पेट्रोल सांडून वाफ निघाली, तेव्हापासून आई इरम्मानं गाडीत पाय ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं होतं. सोलापूरहून एक गिऱ्हाईक सोमवारी गाडी न्यायला येणार होतं. हे सगळं शरणप्पांनी श्रीनाथला ताक पिता पिता सांगितलं, आणि सांगताना गाडीकडं एकदाही बघितलं नाही. हर्षालीनं ते पाहिलं. श्रीनाथनंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. मुरूमच्या बाजारात काम होतं म्हणे. तिसऱ्या दिवशीही होतं.

तिसऱ्या दिवशी दोघं पोतं अंथरून गाडीखाली शिरले. वर लोखंड तापलेलं, खाली पोत्याचा खरखरीत वास, आणि मधल्या एवढ्याशा जागेत दोन खांदे... एकमेकांना लागू नयेत म्हणून दोघंही जपत होते, आणि लागतच होते. श्रीनाथ बोटानं नळी चाचपत टाकीपासून पुढं सरकला.

"या दोन नळ्या का आहेत?"

"एक पेट्रोल पुढं नेते. दुसरी जास्तीचं परत टाकीत आणते. इंजेक्शनच्या काळातली आहे ती."

"मग आता तिचं काय केलंय? आमच्या ठिबकमध्ये परतीचा बायपास बंद केला की नळ्या फुटतात."

हर्षालीनं मान वळवून त्या नळीकडं बघितलं. मग कोपरावर रेटत इंजिनाच्या बाजूला गेली, तिथं हात घातला, आणि त्या दुसऱ्या नळीच्या तोंडात घट्ट बसवलेला बोल्ट तिच्या बोटांना लागला. कुणीतरी परतीची वाटच बुजवून टाकली होती. मागं पंप मात्र जुनाच, जोराचा. बिचारे कार्बोरेटर एवढा दाब सोसणार कसे?

पुढचं तिला पाठ होतं. कमी दाबाचा पंप हवा, पेट्रोलला टिकणारी नळी हवी, बोल्ट काढून परतीची वाट मोकळी करायला हवी. शनिवारी दोघं सोलापूरला जाऊन सामान घेऊन आले. तिनं एकेक जोड बसवला, त्यानं एकेक क्लॅम्प आवळला. काम होईपर्यंत त्याच्या गालावर ग्रीस लागलं होतं. तिनं ते पुसायला हात उचलला... आणि फडकं त्याच्या हातात देऊन टाकलं.

मग ती वडिलांसमोर उभी राहिली.

"अप्पा, उद्या भर दुपारी तुळजापूरचा घाट उतरून परत चढवून दाखवते. थांबली, तर विका."

शरणप्पांनी वळून गाडीकडं बघितलं. मग म्हणाले, "मी बी येतो."

"तुम्ही दोघंच न्हाय जायचं," आतून इरम्मा म्हणाल्या, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी त्याच गाडीत जाऊन बसल्या, पदरात लिंबू धरून.

घाट तापून निघाला होता. परत चढताना समोर एक लादलेला ट्रक कण्हत चढत होता आणि त्याच्या मागं गाडीला रांगावं लागत होतं. हर्षालीशेजारी शरणप्पा, मागं इरम्मा आणि श्रीनाथ, सगळे श्वास धरून बसले होते. वळण गेलं. दुसरं गेलं. गाडीचा सूर हलला नाही. माथ्यावर पोचल्यावर हर्षालीनं गाडी रसवंतीपाशी घेतली, तेव्हा शरणप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून दारावरून फिरवला, आणि तिथूनच सोलापूरला फोन लावून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

दोघं म्हातारे रस प्यायला गेले. हर्षालीनं बॉनेट उघडून एकेका जोडावरून बोट फिरवलं. सगळे कोरडे. तिनं बॉनेट लावलं.

"झालं की मग," श्रीनाथ म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

"झालं."

"आता मुरूमला यायला काही..." तो अडखळला. "खरं सांगू? मुरूमच्या बाजारात मला काहीच काम न्हवतं."

"माहीत आहे. मी दुसऱ्याच दिवशी बाजारात विचारून आले होते."

"आणि बोलला न्हाईत?"

"बोलले असते, तर तुम्ही यायचं बंद केलं असतं." तिनं बॉनेटच्या कडेला हात टेकवला. चेहरा उन्हानं लाल होता, का कशानं, कोण जाणे. "मला तू यायला हवा होतास, श्रीनाथ. गाडीसाठी न्हाय."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग हळूच, तिच्या हाताशेजारी त्यानं आपला हात ठेवला... आणि या वेळी जपलं नाही.

"मला तू लई आवडतेस," तो म्हणाला. "बाभळीखाली होतीस, तेव्हापासनं."

रसाचे दोन गिलास घेऊन शरणप्पा परत आले, मागं इरम्मा, तेव्हा ते हात जागच्या जागी होते. त्यांनी ते पाहिलं, गिलास बॉनेटवर ठेवले, आणि सावकाश विचारलं की घरी आई-वडील असतील ना, मग उन्हात उभं राहण्यापेक्षा आत्ताच जाऊन भेटलेलं बरं. तुळजापूर पुढ्यातच होतं. किल्ली त्यांनी श्रीनाथपुढं धरली.

"चालवा तुम्हीच. तुमचा रस्ता."

श्रीनाथचे कान लाल झाले.

"अप्पा... मला चारचाकी येत न्हाय."

इरम्मा आधी हसल्या, मग शरणप्पा, मग हर्षाली — हसता हसता तिनं डोळे पुसले. आणि तरीही तिनं त्यालाच स्टेअरिंगपुढं बसवलं, स्वतः शेजारी बसली, त्याच्या गियरवरच्या हातावर आपला हात ठेवला. क्लच सोड, हळू, ती म्हणाली. त्यानं सोडला. गाडी एक उडी मारून बंद पडली.

"परत," हर्षाली म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.